दुसऱ्या तारेचा भरवसा

नवा सर्व्हर रॅकमध्ये बसला की त्याच्या नेटवर्कची चाचणी बहुतेक डेटा सेंटरांत एकाच पद्धतीनं होते. एक जण लॅपटॉपवर पिंग लावून बसतो. दुसरा रॅकच्या मागे, गरम हवेच्या झोतात उभा राहून निळी केबल उपसतो. पडद्यावर एखादं पॅकेट चुकतं, कधी तेवढंही नाही. निळी परत खोचायची, पिवळी उपसायची, पुन्हा तेच. फॉर्मवर ‘रिडंडन्सी: ओके’ अशी खूण होते आणि दोघे चहाला जातात.

या चाचणीत खोटं काही नाही. पण केबल उपसणं हे तारेचं सगळ्यात प्रामाणिक मरण आहे. दिवा विझतो आणि दोन्ही टोकांना त्याच क्षणी बातमी कळते. प्रत्यक्षात तारा अशा क्वचित मरतात. दिवा हिरवागार असतो, पण पलीकडच्या स्विचचा मेंदू गोठलेला असतो. किंवा स्विच धडधाकट असतो, पण त्याच्या वरची वाट तुटलेली असते. किंवा सगळं काही चालू असतं, फक्त एक व्हीलॅन, म्हणजे त्याच तारेवरून जाणारं एक वेगळं आखलेलं नेटवर्क, त्या पोर्टवर द्यायचा कुणीतरी विसरलेला असतो. दुसरी तार जोडणं हे दहा मिनिटांचं काम. पहिली मेली हे कोणी ठरवायचं, कशावरून आणि किती वेळात, यावर मात्र गेली तीस-पस्तीस वर्षं खल चालू आहे.

व्हर्च्युअल स्विच हा सर्व्हरच्या मेमरीत चालणारा, निव्वळ सॉफ्टवेअरचा स्विच. एका होस्टवर वीस-तीस व्हर्च्युअल मशिनी सहज नांदतात. आपापसांत त्या याच स्विचमधून बोलतात. बाहेरच्या जगाशी बोलायचं तर त्याला खऱ्या नेटवर्क कार्डाचा हात धरावा लागतो. ही कार्डं म्हणजे त्याच्या अपलिंक. व्हीएमवेअरनं २००१ मध्ये ईएसएक्स सर्व्हर बाजारात आणला, त्यानंतरची कित्येक वर्षं एका होस्टला एक गिगाबिटच्या सहा-आठ केबली लोंबत असत: व्यवस्थापनाला दोन, स्टोरेजला दोन, मशिनी एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवायला दोन, उरलेल्या मशिनींच्या रोजच्या रहदारीला. रॅकच्या मागची ती जुडी बघून नवखा घाबरून जाई. मग १० गिगाबिट आलं, २०१६ मध्ये २५ गिगाबिटचं मानक आलं, आणि आठ केबलींच्या जागी दोन उरल्या. मागची बाजू देखणी झाली. पण पूर्वी एक जोडी गेली तर एका कामाची वाट अडायची. आता दोन्ही गेल्या तर मशिनींची अख्खी वाडी अंधारात जाते.

मग दोनाच्या चार का लावत नाहीत? लावतातही. पण इथरनेटच्या जगात जास्तीची तार हे वरदान नसून आधी संकट असतं, आणि ते का, हे समजल्याशिवाय व्हर्च्युअल स्विचचं वागणं कळत नाही.

इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते. आयपी पॅकेटवर एक आकडा असतो, प्रत्येक टप्प्यावर तो एकानं कमी होतो आणि शून्यावर पॅकेट मरतं. फ्रेमला तसं काही नाही. दोन स्विच दोन तारांनी जोडले आणि एकानं सर्वांसाठीचा पुकारा केला, तर तो पुकारा एका तारेनं जातो, दुसरीनं परततो, पुन्हा जातो. प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती वाढतात आणि काही क्षणांत सगळं नेटवर्क स्वतःच्याच आरोळीनं बधिर होतं. १९८५ मध्ये डीईसी कंपनीत काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी यावर स्पॅनिंग ट्रीचा तोडगा काढला. स्विच आपसांत निरोप पाठवून एक झाड ठरवतात, आणि झाडात न बसणाऱ्या तारा बंद ठेवतात. एखादी फांदी मोडली की बंद तार उघडायची. १९९० मध्ये आयईईईनं ते मानक केलं. त्यातला काळाचा हिशेब मात्र त्या वेळचा होता: एखादं पोर्ट नव्यानं चालू झालं की ते १५ सेकंद नुसतं ऐकतं, १५ सेकंद शिकतं, आणि मग बोलू लागतं. तीस सेकंद! आजच्या डेटाबेसला तेवढ्यात तीनदा हृदयविकाराचा झटका येऊन जाईल.

हे झाड कोसळलं की काय होतं, त्याचा सगळ्यात गाजलेला दाखला बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचा. १३ नोव्हेंबर २००२ रोजी तिथलं नेटवर्क लटपटू लागलं. वर्षानुवर्षं एकाला एक स्विच जोडत ते इतकं पसरलं होतं की स्पॅनिंग ट्रीच्या निरोपांना शेवटच्या टोकापर्यंत वेळेत पोचणं जमेना. त्यात एका संशोधकाच्या प्रयोगातून प्रचंड माहिती तारांवर लोटली गेली. झाड मोडलं, वर्तुळं तयार झाली, आणि सुमारे चार दिवस ते नामांकित रुग्णालय कागद-पेन्सिलीवर चाललं. तरुण डॉक्टरांना हातानं प्रिस्क्रिप्शन लिहायची सवयच नव्हती. ज्या जास्तीच्या तारा आधारासाठी घातल्या होत्या त्यांच्यातूनच वर्तुळं झाली, ही त्यातली बोचरी गोष्ट.

व्हर्च्युअल स्विच लिहिणाऱ्यांनी या भानगडीत पडायचंच नाही असं ठरवलं. व्हीएमवेअरचा स्विच स्पॅनिंग ट्रीची भाषा बोलतच नाही. तो एकच नियम पाळतो: एका अपलिंकवरून आत आलेली फ्रेम दुसऱ्या अपलिंकवरून बाहेर काढायची नाही. वाडीला दोन वेशी आहेत, पण एका वेशीतून आलेल्या पाहुण्याला दुसरीतून बाहेर जाऊ देत नाहीत. तो आला तर कुणाच्या तरी घरीच आला. त्यामुळे वर्तुळ होण्याचा प्रश्नच मिटतो. कल्पना साधी, पण वीस वर्षांहून अधिक काळ टिकलेली.

आता वेशी दोन असल्या तर कुठल्या घरानं कुठून बाहेर पडायचं? इथून पंथ सुरू होतात.

पहिला पंथ, आजही व्हीएमवेअरमध्ये मूळचा असलेला, पोर्टवार वाटपाचा. मशीन चालू झाली की तिला व्हर्च्युअल स्विचचं एक पोर्ट मिळतं आणि त्या पोर्टाला एक अपलिंक नेमून दिली जाते. पहिलीला निळी, दुसरीला पिवळी, तिसरीला पुन्हा निळी. नेमलेली अपलिंक मेली की त्या मशिनी दुसरीवर जातात. पलीकडच्या स्विचला यातलं काही माहीत असण्याची गरज नाही, आणि हीच त्याची खुबी. निळी एका स्विचला, पिवळी दुसऱ्या स्विचला, दोन्ही स्विच वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी चालतं. तोटा एवढाच की हे वाटप डोकी मोजतं, वजन मोजत नाही. दोन धष्टपुष्ट मशिनी निळीवर आणि चार कुपोषित पिवळीवर असं सहज होतं. त्यावर व्हीएमवेअरच्या २०१० च्या व्हीस्फिअर ४.१ मध्ये उपाय आला. एखादी अपलिंक ३० सेकंदांच्या सरासरीनं ७५ टक्क्यांहून जास्त भरली, तर काही मशिनी दुसरीवर सरकवायच्या. गोष्ट इतकी सरळ आहे की ती आधी का नव्हती असा प्रश्न पडावा. ती फक्त डिस्ट्रिब्युटेड स्विचमध्ये, म्हणजे बरीच वर्षं सगळ्यात महागड्या परवान्यातच मिळे, ही त्यामागची व्यापारी गोम.

दुसरा पंथ तारांची मोळी बांधणाऱ्यांचा. त्याच्या मुळाशी एक ओळखीचं नाव सापडतं. विनोद भारद्वाज यांनी लॅरी ब्लेअर यांच्यासह अमेरिकेत काढलेल्या आणि आपल्या पत्नीचं नाव दिलेल्या ‘कल्पना’ या कंपनीनं १९९० मध्ये पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. अनेक तारा बांधून एक मोठी तार करण्याची ‘इथरचॅनल’ ही युक्तीही तिचीच. १९९४ मध्ये सिस्कोनं कल्पना विकत घेतली. पुढे प्रत्येक कंपनीनं आपापली मोळी बांधली, एकीची गाठ दुसरीला सुटेना, तेव्हा २००० मध्ये आयईईईनं ८०२.३एडी हे मानक आणि त्यासोबत एलएसीपी हा करार दिला. यात दोन्ही टोकं एकमेकांना ठरावीक वेळानं चिठ्ठी पाठवतात: मी अमुक, माझी ही तार अमुक मोळीतली, तुझं काय? चिठ्ठ्या जुळल्या तरच तार मोळीत घेतली जाते.

मोळीबद्दल एक गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थोडं थांबायला हवं. १० गिगाबिटच्या दोन तारा बांधल्या की २० गिगाबिटचा रस्ता मिळतो, असं निविदेत लिहिलेलं असतं आणि खरेदी विभागाला ते पटतंही. पण एका संवादाची पॅकेटं दोन तारांवर विखुरली तर ती उलटसुलट पोचतील, म्हणून प्रत्येक संवाद एकाच तारेवर बांधला जातो. कुठल्या तारेवर, ते एका गणितावर ठरतं. व्हीएमवेअरचं आयपी हॅश हे गणित दोन्ही आयपी पत्त्यांचा शेवटचा भाग घेतं, त्यांचा एक्सॉर काढतं आणि अपलिंकांच्या संख्येनं भागून बाकी घेतं. अपलिंक दोनच असतील तर निकाल शेवटच्या बिटावर, म्हणजे पत्ता सम की विषम यावर येऊन ठेपतो. आता कल्पना करा, बॅकअप सर्व्हरचा पत्ता ५० नं संपतो आणि या होस्टवरच्या मशिनी २१, २३, २५, २७. सगळे विषम, समोर सम. उत्तर प्रत्येक वेळी एक. रात्री दोन वाजता बॅकअप सुरू होतो, एक तार घुसमटते आणि दुसरी रिकामी पडून राहते. कुणीतरी पत्ते वाटताना ‘या होस्टला विषम, त्या होस्टला सम’ अशी नीटनेटकी सोय केलेली असते, तिचं हे फळ.

शिवाय मोळी एकाच स्विचला बांधली तर तो स्विच मेल्यावर सगळी मोळीच जाते. म्हणून दोन स्विचनी मिळून आपण एकच आहोत असं सोंग करायचं तंत्र आलं. सिस्कोच्या नेक्सस स्विचमध्ये ते व्हीपीसी, अरिस्टात एमएलॅग, ज्युनिपरमध्ये एमसी-लॅग. दोघांमध्ये एक जाड तार असते, तिच्यावरून ते आपली वही जुळवत राहतात. होस्टला वाटतं आपण एकाशीच बोलतोय. हे सोंग वठतं तोवर उत्तम वठतं.

ते उतरलं की काय होतं, हे गिटहबनं डिसेंबर २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितलेल्या हकिकतीत वाचायला मिळतं, आणि या विषयातला तो सगळ्यात शिकवणारा दस्तऐवज म्हणावा लागेल. २२ डिसेंबरला त्यांच्या जोडस्विचांचं सॉफ्टवेअर बदलण्याचं काम चालू होतं. तपासासाठी माहिती हवी म्हणून एका स्विचवरची एक मुख्य प्रक्रिया थांबवण्यात आली. जोडीदार स्विचचा नियम असा: दुसऱ्याशी जोडणारी तारच पडली, तर दोन सेकंद वाट बघ, तो मेला असं समज आणि शांतपणे कारभार हाती घे. पण तार चालू आहे आणि पाच सेकंद निरोप नाही, तर तो जिवंत आहे पण भ्रमिष्ट आहे असं समज; त्याचा कारभार घेऊ नकोस, आपण वेगळे झालो असं धरून सगळं नव्यानं मांड. आता ज्या प्रक्रियेला थांबवलं तिच्याच हाती तारेचा दिवा विझवण्याचा अधिकार होता. ती आपली अवस्था लिहून ठेवण्यात गुंतली, दिवा जळत राहिला, पाच सेकंद उलटले. जोडीदारानं नियमाप्रमाणे दुसरी, त्रासाची वाट धरली. सगळ्या मोळ्या सुटल्या, पुन्हा बांधल्या जाऊ लागल्या, स्पॅनिंग ट्रीची निवडणूक नव्यानं झाली, आणि सुमारे दीड मिनिट स्विचांमधली रहदारी थांबली.

दीड मिनिट म्हणजे फार नाही. पण त्यांचे फाइल सर्व्हरही जोड्यांनी होते, आणि जोडीतल्या प्रत्येकाला शिकवलेलं होतं की जोडीदाराचा श्वास ऐकू आला नाही तर आधी त्याची वीज तोडायची, मग कारभार घ्यायचा. नेटवर्क परत आलं तेव्हा काही जोड्यांत दोघांनीही एकमेकांची वीज तोडण्याचे हुकूम सोडले आणि ते दोन्ही पोचले. निस्तरायला कित्येक तास गेले. त्याच कंपनीला २१ ऑक्टोबर २०१८ रोजी उलट अनुभव आला. १०० गिगाबिटचं ऑप्टिकल उपकरण बदलताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा दुवा अवघे ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात डेटाबेसच्या व्यवस्थेनं पूर्व किनारा मेला असं जाहीर करून पश्चिमेला मालकी दिली. दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी झाल्या होत्या, त्या जुळवता जुळवता सेवा २४ तास ११ मिनिटं लंगडत राहिली. पहिल्या वेळी मृत्यू ओळखायला उशीर, दुसऱ्या वेळी नको तितकी घाई.

होस्टच्या पातळीवर हाच पेच छोट्या रूपात रोज असतो. व्हर्च्युअल स्विच मुळात फक्त दिवा बघतो. दिवा चालू म्हणजे तार जिवंत. होस्टच्या वरच्या स्विचची आपल्या वरच्या स्विचशी असलेली वाट तुटली तरी होस्टचा दिवा हिरवाच, आणि त्या अपलिंकवरच्या मशिनी भिंतीवर डोकं आपटत राहतात. यावर दोन उतारे आहेत. एक स्विचच्या बाजूचा: आपली वरची वाट गेली की स्विचनं खालची पोर्टं स्वतःच बंद करायची, म्हणजे होस्टला समजेल अशा भाषेत निरोप द्यायचा. सिस्कोच्या जगात याला लिंक स्टेट ट्रॅकिंग म्हणतात. दुसरा होस्टच्या बाजूचा, बीकन प्रोबिंग: एका अपलिंकवरून हाक घालायची आणि ती दुसऱ्या अपलिंकवर ऐकू येते का ते पाहायचं. ऐकायला छान, पण त्याला किमान तीन तारा लागतात. दोनच असल्या आणि हाक पोचली नाही, तर बोलणारा मुका की ऐकणारा बहिरा, हे कळायला मार्ग नाही. मग स्विच नाइलाजानं दोन्हीकडे पॅकेटं सोडतो. आज बहुतेक होस्टना दोनच तारा असताना हा पर्याय सेटिंगांच्या यादीत बसलेला असतो, आणि कुणीतरी ‘जास्त सुरक्षित’ म्हणून तो चालू करतोच.

एलएसीपीची खरी किंमत इथे आहे, आणि त्याचे समर्थक मात्र वेगाचंच गाणं गातात. चिठ्ठ्या येईनाशा झाल्या की दिवा हिरवा असला तरी तार मोळीतून काढली जाते. चुकीच्या पोर्टात खोचलेली केबल पहिल्याच चिठ्ठीत पकडली जाते. हा गुण मोठा आहे. पण मूळ सेटिंगनुसार चिठ्ठी ३० सेकंदांनी एक, आणि तीन चुकल्यावर निकाल, म्हणजे ९० सेकंद. जलद पर्यायात सेकंदाला एक आणि तीन सेकंदांत निकाल. कुठलं निवडलंय हे दोन्ही टोकांना तपासून बघणारे थोडे. आणि नव्या होस्टवर व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय टाकल्यावर त्याचा स्विच पोर्टवार पंथातला असतो, समोरच्या पोर्टांवर मात्र मोळी बांधलेली. होस्टला मोळीची भाषा शिकवायची तर आधी त्याच्याशी बोलता आलं पाहिजे, आणि बोलायचं तर मोळी हवी. सर्व्हरवाला नेटवर्कवाल्याला फोन करतो, ‘जरा एका पोर्टची मोळी सोड ना.’ हा फोन रात्री करावा लागतो तेव्हा साधेपणाचं मोल कळतं. दोन स्वतंत्र तारा, पोर्टवार किंवा भारानुसार वाटप: बहुतेक घरांना एवढं पुरतं. मोळी बांधायची तर ती कशासाठी, याचं उत्तर आधी द्यावं; ‘वेग’ हे उत्तर सहसा चूक असतं.

साधी मांडणीही मात्र व्हीपीसीच्या जोडीखाली बसवली की अनाथ होते. हा शब्द सिस्कोचाच आहे, ऑर्फन पोर्ट. जोडीमधली जाड तार तुटली तर दुय्यम स्विच आपल्या मोळ्यांची पोर्टं बंद करतो, म्हणजे मोळीवाले होस्ट गुपचूप मुख्य स्विचवर जातात. पण ज्या होस्टनं मोळी न बांधता एक तार इकडे आणि एक तिकडे दिली आहे, त्याचं दुय्यम स्विचवरचं पोर्ट चालूच राहतं. दिवा हिरवा, पुढे वाट नाही. नेक्ससवर अशी पोर्टंही सोबत बंद करण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते. ती एक ओळ नसल्यामुळे निम्म्या मशिनी गायब आणि निम्म्या शाबूत, असं चित्र दिसतं, आणि अशा वेळी संशय सगळ्यात आधी मशिनींवर घेतला जातो.

परतीच्या प्रवासातही खड्डा आहे. मेलेला स्विच पुन्हा चालू होतो, पोर्टांचे दिवे आधी लागतात, त्याचा मेंदू काही क्षणांनी, कधी काही मिनिटांनी भानावर येतो. व्हीएमवेअरमध्ये फेलबॅक मुळात चालू असतं: दिवा दिसला की मशिनी आपल्या जुन्या तारेवर परत. म्हणजे स्विच गेला तेव्हा कुणाला कळलंही नाही, आणि तो परत आला तेव्हा सगळे पडले. स्टोरेज आणि व्यवस्थापनाच्या वाटांवर म्हणूनच अनेक अनुभवी मंडळी फेलबॅक बंद ठेवतात. तार बदलली की आणखी एक छोटं काम होतं. होस्ट प्रत्येक मशिनीच्या वतीनं एक आरएआरपी फ्रेम सोडतो, की बाबा रे, ही आता या दारानं येते. ती फ्रेम सोडली नाही, तर बाहेरचे स्विच जुन्या पत्त्यावरच टपाल टाकत राहतात. सिस्कोच्या अनेक स्विचांवर ही नोंद मुळात ३०० सेकंद टिकते.

सगळ्यात विपरीत किस्सा एका खोडकर मशिनीचा. एखाद्या व्हर्च्युअल मशिनीत कुणी दोन कार्डं जोडून पूल बांधला, तर ती स्वतःच स्पॅनिंग ट्रीचे निरोप सोडू लागते. बाहेरच्या पोर्टावर पहारा बसवलेला असतो की इथून असा निरोप आला तर पोर्ट तात्काळ बंद. निळी बंद झाली. व्हर्च्युअल स्विच आपलं काम चोख करतो, सगळ्या मशिनींना पिवळीवर नेतो. त्यांच्यात ती खोडकरही असते. पिवळीही बंद. होस्ट एकटा पडला. मग उच्च उपलब्धतेची व्यवस्था जागी होऊन त्याच्या मशिनी दुसऱ्या होस्टवर चालू करते, त्यांत पुन्हा ती, आणि तिथेही तोच खेळ. प्रत्येक सुरक्षेनं आपापलं काम बिनचूक केलं आणि रोग घरोघर पोचवला. व्हीस्फिअर ५.१ मध्ये मशिनींचे असे निरोप स्विचमध्येच गिळून टाकण्याची सोय आली. ती मुळात बंद असते.

मायक्रोसॉफ्टचा प्रवास वेगळ्या वळणानं त्याच जागी आला. विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये ३२ कार्डांपर्यंतची मोळी बांधणारं, एलएसीपी बोलणारं टीमिंग आलं. २०१६ मध्ये त्यांनी टीमिंग थेट हायपर-व्ही या आपल्या व्हर्च्युअल मशिनींच्या व्यवस्थेच्या स्विचमध्येच बसवलं: कमाल आठ कार्डं, आणि एलएसीपी नाहीच. विंडोज सर्व्हर २०२२ मध्ये तर जुन्या पद्धतीची टीम हायपर-व्हीच्या स्विचला जोडायला गेलं की नकारच मिळतो. लिनक्सकडे उलट श्रीमंती: बाँडिंगचे शून्य ते सहा असे सात प्रकार, आणि ओपन व्ही-स्विचचे आणखी वेगळे. तिथे एक जुना फास आहे. दिवा किती वेळानं तपासायचा, हे सांगणारी संख्या बाँडिंगमध्ये बरीच वर्षं मुळात शून्य असे, आणि शून्याचा अर्थ ‘तपासूच नको’. दोन तारा, टीम बांधलेली, आणि पहारेकरी झोपलेला.

स्टोरेजची गोष्ट निराळी. आयस्कझीला स्वतःचं अनेक वाटांचं शहाणपण असतं. तिथे प्रत्येक वाटेला एकच अपलिंक द्यायची आणि टीमिंगनं मध्ये पडायचं नाही, हा सर्वमान्य रिवाज.

सेटिंगं कितीही अचूक असली तरी दोन तारांचं नशीब कुठेतरी एक होत नाही ना, हे बघणं उरतंच. मुंबईहून पुण्याला जायला द्रुतगती मार्ग आहे आणि जुना महामार्ग आहे. पण वर्षानुवर्षं बोरघाटातल्या पट्ट्यात दोन्हींची वाहनं एकाच रस्त्यावर येत राहिली, आणि तिथे एक कंटेनर आडवा झाला की दोन्ही रस्ते बंद. घाटाचा तो पट्टा टाळणाऱ्या ‘मिसिंग लिंक’ रस्त्याचा खटाटोप त्यासाठीच मांडावा लागला. सर्व्हरमध्ये असे घाट बरेच असतात. निळी आणि पिवळी एकाच दोन-पोर्टी कार्डात खोचलेल्या असतात. कार्ड गेलं की दोन्ही गेल्या. दोन कार्डं असली तरी दोघांत एकच फर्मवेअर, आणि त्यातला दोष दोघांना एकदम गाठतो. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांत जागा भाड्यानं घेणाऱ्याला रॅकमध्ये ए आणि बी असे विजेचे दोन स्वतंत्र पुरवठे मिळतात. पण दोन्ही स्विच ‘ए’लाच लावलेले सापडले की त्या स्वातंत्र्याचं लोणचं घालायचं.

आणि मग माणसाचा हात. सिस्कोच्या ट्रंकवर नवा व्हीलॅन ३० द्यायचा तर ‘अलाउड व्हीलॅन’ नंतर ‘अ‍ॅड’ हा शब्द लिहून मग ३० लिहायचे. ‘अ‍ॅड’ राहिला तर स्विच तक्रार करत नाही. तो आधीचे सगळे व्हीलॅन पुसतो आणि फक्त ३० ठेवतो. हे निळीच्या पोर्टवर झालं तर निळीवरच्या मशिनी लगेच ओरडतात, चूक सापडते. राखीव पिवळीवर झालं तर? काहीच होत नाही. दिवा हिरवा, पिंग सुरळीत, महिने जातात. ज्या रात्री निळी मरते त्या रात्री भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो. दोन्ही तारा कामाला लावणाऱ्या पंथाचा हा एक मोठा फायदा: राखीव तार रोज वापरात असली की तिचं दुखणं रोज कळतं. त्याची दुसरी बाजू अशी की दोन्ही तारा ७० टक्के भरलेल्या असतील, तर एक गेल्यावर १० गिगाबिटच्या वाटेवर १४ येतात. दोन तारा होत्या, पण आधार नव्हता, हे तेव्हा समजतं.

मोठ्या क्लाउडवाल्यांनी यातून वेगळी वाट काढली आहे. जोडस्विचांचं सोंग, खास जोडतार, हे सगळं टाळून ते थेट राउटिंगवर जातात. मोठ्या डेटा सेंटरात बीजीपी हा राउटिंगचा करार कसा वापरावा यावर २०१६ मध्ये आरएफसी ७९३८ निघाला. मधल्या घरांसाठी ईव्हीपीएन आहे, २०१५ चा आरएफसी ७४३२. होस्ट एलएसीपीच बोलतो, पण समोरचे स्विच आपसांत जाड तारेनं नव्हे तर राउटिंगच्या निरोपांनी समजूत करतात.

ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतल्यानंतर परवान्यांचं गणित बदललं, आणि अनेक कंपन्या प्रॉक्समॉक्ससारख्या लिनक्सवर चालणाऱ्या व्यवस्थांकडे वळल्या. त्यांतल्या कित्येकांना स्थलांतराच्या पहिल्याच आठवड्यात अपलिंकचा प्रश्न नव्यानं भेटला. पंधरा वर्षं पोर्टवार वाटप अंगवळणी पडलेलं. लिनक्सच्या साध्या ब्रिजला ते तसंच्या तसं येत नाही. प्रॉक्समॉक्सचं मार्गदर्शन सांगतं, स्विच एलएसीपी बोलत असेल तर तेच वापरा, नाहीतर एक चालू-एक राखीव. म्हणजे ज्यांनी इतकी वर्षं मोळी टाळली ते आता नेटवर्कवाल्यांकडे मोळीची मागणी घेऊन जातात, किंवा ओपन व्ही-स्विचमधला मूळ पत्त्यांनुसार वाटप करणारा प्रकार जवळचा वाटून तो उचलतात. तो दर दहा सेकंदांनी भाराचा हिशेब करतो.

जिथे हे काम मनापासून होतं तिथे चाचणीचा फॉर्म आता लांबला आहे. केबल उपसण्याची ओळ आहेच. तिच्याखाली: स्विच रीलोड केला, जाताना किती सेकंद, येताना किती सेकंद. स्विचची वरची वाट तोडली, होस्टचा दिवा विझला का. जोडतार तोडली, अनाथ पोर्टांचं काय झालं. पिवळीवरून एक व्हीलॅन काढला, कुणाला कळलं का, आणि किती वेळानं. समोरच्या रकान्यात ‘ओके’ लिहायला जागाच ठेवलेली नसते, तिथे सेकंद भरायचे असतात.